चांदीच्या झाकणाच्या तीन जुन्या काचेच्या बरण्या: मोडीत द्याव्यात की जपाव्यात?

फणेरपेटी (धरमपेठ, नागपूर)

नमस्कार. या उन्हाळ्यात धरमपेठेतील आमचे जुने घर रिकामे करताना माझ्या आजेसासूबाईंच्या फणेरपेटीशेजारी, एका विरलेल्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेल्या तीन काचेच्या बरण्या सापडल्या. घरात सांगत आले आहेत ते असे की, नागपूर मध्यप्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी असताना आजेसासरे सचिवालयात कारकून होते. १९४७ मध्ये सिव्हिल लाइन्समधील एक इंग्रज कुटुंब मायदेशी परतण्यापूर्वी घरातील सामान विकत होते, तेव्हा त्यांनी या बरण्या आणल्या.

पहिली बरणी तळहातावर मावेल एवढी, गोल आहे. तिच्या चांदीच्या झाकणाला बरोबर मध्यभागी रुपयाएवढे भोक आहे. झाकणाच्या कडेवर जहाजाचा नांगर, चालता सिंह, रोमन लिपीतील लहान ‘एन’ आणि दोन आद्याक्षरे इतक्या खुणा बारीक ठशात उमटवलेल्या आहेत. दुसरीच्या झाकणावर पंख असलेल्या पाच बाळांचे चेहरे उठावात आहेत, म्हणून आजेसासूबाई तिला ‘पाच बाळांची डबी’ म्हणत आणि तिच्यात कुंकू ठेवत. ते कुंकू अजूनही काचेच्या नक्षीत अडकलेले आहे. तिच्या झाकणावर बिबट्याचा चेहरा, सिंह आणि लहान ‘जी’ आहे, मात्र ते झाकण बरणीवर सैल बसते आणि किंचित डुगडुगते. तिसरी उंच असून तिच्या काचेवर खोल नक्षी कापलेली आहे. झाकण सपाट आहे आणि त्यावर ‘ई’, ‘पी’, ‘एन’, ‘एस’ ही अक्षरे चार वेगवेगळ्या चौकटींत आहेत.

इतवारीतील एका सराफाकडे दाखवल्यावर त्यांनी पहिले झाकण २६ ग्रॅम आणि दुसरे ४१ ग्रॅम भरल्याचे सांगितले, तिसरे चांदीचे नाही म्हणून बाजूला ठेवले आणि दोन्ही झाकणांची मोड सांगितली. काच घरी परत न्या, असेही ते म्हणाले. माझा जीव काही ते मानायला तयार होईना. या वस्तू खरोखर जुन्या आहेत का, पहिल्या झाकणाचे भोक नंतर कोणी पाडलेले आहे का, आणि त्या स्वच्छ कशा कराव्यात, हे जाणकारांनी सांगावे. माझी मुलगी परदेशी असते. तिला यातील एक बरणी सोबत न्यायची आहे, त्याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे.


जुनी काच

ताई, आपण झाकणे मोडीत दिली नाहीत हे फार चांगले केलेत. खुणा आपण इतक्या नीट टिपल्या आहेत की पहिल्या दोन झाकणांबद्दल छायाचित्राशिवायही बरेच सांगता येते.

चालता सिंह ही इंग्लंडमधील स्टर्लिंग चांदीची, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदीची खूण आहे. नांगर ही बर्मिंगहॅमच्या, चांदीची शुद्धता तपासून ठसे मारणाऱ्या तपासणी कार्यालयाची खूण असून ते कार्यालय १७७३ मध्ये सुरू झाले. बिबट्याचा चेहरा लंडनचा. एकेरी अक्षर तपासणीचे वर्ष सांगते, ते दरवर्षी बदलते आणि अक्षरे संपली की नवी फेरी सुरू होते. बर्मिंगहॅमच्या अक्षरमालेची एक फेरी १९०० मध्ये लहान ‘ए’ पासून सुरू झाली आणि तिच्यात ‘जे’ वगळलेला आहे, त्यामुळे लहान ‘एन’ म्हणजे १९१२. तिथे अक्षर जुलैमध्ये बदलत असे, म्हणून हे झाकण जुलै १९१२ ते जून १९१३ या काळात तपासले गेले असे धरावे. लंडनची फेरी तेव्हा वीस अक्षरांची असे. १८९६ मध्ये सुरू झालेल्या फेरीतील ‘जी’ म्हणजे १९०२. अक्षराचे वळण आणि त्याभोवतीच्या चौकटीचा आकार मात्र वर्षाक्षरांच्या तक्त्याशी ताडून पाहा, कारण तेच अक्षर वेगवेगळ्या फेऱ्यांत वेगळ्या घाटाने पुन्हा येते. १७८४ ते १८९० या काळातील इंग्लिश चांदीवर कर भरल्याची खूण म्हणून राजाचा किंवा राणीचा चेहराही असतो. आपल्या झाकणांवर तो नाही, आणि या वर्षांशी ते जुळते.

येथे एका सापळ्याबद्दल सांगतो, कारण त्यात मी स्वतः अडकलो आहे. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथील गोरहॅम कंपनीची स्वतःची खूण सिंह, नांगर आणि ‘जी’ अशी आहे. घाईत पाहिल्यास ती बर्मिंगहॅमची वाटते आणि माणूस ‘जी’ला वर्षाचे अक्षर समजून तक्ता चाळत बसतो. आपल्याकडे नांगरासोबत ‘एन’ आहे आणि बिबट्यासोबत ‘जी’ आहे, म्हणून काळजी नाही.

आता भोकाविषयी. ते कोणी पाडलेले नाही, ते झाकण तसेच घडवलेले आहे. या बरणीत गुंतवळ ठेवत. विंचरताना फणीत आलेले केस त्या भोकातून आत सरकवायचे आणि पुरेसे साठले की त्यांची गादी करून अंबाड्याच्या आत भरायची, म्हणजे अंबाडा मोठा दिसे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिकडे केसांची उंच, भरदार रचना करण्याची पद्धत होती, त्यामुळे पुष्कळ शृंगारमेजांवर असे भांडे असे. आपल्याकडे गुंतवळ साठवून गंगावन करून घेत, ती सोय आणि ही सोय मुळात एकच. आजेसासूबाईंना त्या भोकाचा उपयोग कोणी सांगितला होता का, हे जाणून घ्यायला मला आवडले असते.

पाच बाळांची डबी म्हणजे रेनॉल्ड्स या इंग्लिश चित्रकाराच्या चित्रावरून केलेला उठाव आहे. त्याने एकाच लहान मुलीचा चेहरा पाच बाजूंनी रंगवून त्यांना पंख जोडले होते. ते चित्र १७८६-८७ चे आहे आणि सुमारे शंभर वर्षांनंतर लंडन व बर्मिंगहॅमच्या चांदीकारांनी त्याचे ठसे तयार करून डब्या, आरसे, ब्रश यांच्या पाठींवर वारंवार वापरले. लंडनच्या विल्यम कॉमिन्स यांच्या पेढीचे असे काम बरेच आढळते, म्हणून आद्याक्षरांत ‘डब्ल्यू सी’ दिसतात का ते भिंगाने पाहा.

तिसऱ्या झाकणाबाबत सराफांचे म्हणणे बरोबर आहे. ती चार अक्षरे म्हणजे जर्मन सिल्व्हरवर (नावात चांदी असली तरी चांदी नसलेल्या मिश्रधातूवर) विजेच्या साहाय्याने दिलेला चांदीचा मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. अक्षरे वेगवेगळ्या चौकटींत ठेवल्यामुळे ती लांबून शिक्क्यांसारखी दिसतात आणि नवखा ग्राहक फसतो. तरीही ती बरणी इतक्यात खालच्या फळीवर ठेवू नका.

माझी खरी शंका दुसऱ्या बरणीविषयी आहे. झाकण अस्सल असले तरी ते या बरणीचे नसावे. अशा बरण्यांच्या तोंडाची कड घासून, झाकणाच्या मापाला जुळवून केलेली असे, आणि शंभर वर्षांनंतरही ते झाकण हलक्या आवाजासह घट्ट बसते. एक सोपी परीक्षा घरी करता येईल. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर पाण्याने भरलेले भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा. झाकण काढलेली बरणी दोऱ्याने बांधून, तळाला न टेकवता, हवेचे बुडबुडे काढून पूर्ण बुडवावी. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर काचेचे आकारमान. बरणीच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागल्यास काचेची घनता मिळते. शिसेयुक्त स्फटिककाचेची घनता तीनच्या आसपास असते, साध्या सोडा-चुन्याच्या काचेची सुमारे अडीच. हा प्रयोग फक्त सुट्या झाकणाच्या बरणीवर करावा. गळ्याला चांदीचे कडे बसवलेले असल्यास करू नये, कारण ते कडे बहुधा प्लास्टरने चिकटवलेले असते आणि त्यात पाणी मुरते.


इतवारी सराफा

माझे बालपण सराफ्याच्या ओळीत, आजोबांच्या गादीवर गेले, म्हणून व्यवसायाच्या बाजूने थोडे लिहितो. आपल्या सराफांनी लबाडी केली असे मला वाटत नाही. आमच्याकडे वस्तू येते ती वजन आणि टंच, म्हणजे शुद्धता, या दोन गोष्टींतून पाहिली जाते, घडणावळ मोडीत धरली जात नाही, आणि काच तर आमच्या हिशेबात कधी आलेलीच नाही. मात्र या झाकणांची किंमत त्या २६ आणि ४१ ग्रॅममध्ये शोधणे चूक आहे. ही झाकणे पातळ पत्र्यावर पोलादी ठसा दाबून केलेली असतात. चांदी जाणूनबुजून कमी वापरलेली असते आणि जे काही मोल आहे ते ठशाच्या स्पष्टपणात, शाबूत कडेत आणि बरणीशी असलेल्या जोडीत आहे.

म्हणून कोणालाही कानस लावू देऊ नका. कसोटीवर घासण्यासाठी कडेचा कण काढला तरी शिक्क्यांच्या शेजारी कायमचा ओरखडा राहतो. टंच पाहायचाच असेल तर यंत्रावर पाहावा, तिथे वस्तूला धक्का लागत नाही. पण मुलाम्याच्या वस्तूवर तेच यंत्र वरच्या थरातील चांदीही मोजते, म्हणून तिसऱ्या झाकणावर आकडा चांगला दिसला तरी हुरळून जाऊ नये.

दुसरी गोष्ट माझ्या आजोबांनी शिकवलेली. झाकण तोंडाजवळ धरून त्यावर हळूच फुंकर घाला, म्हणजे वाफ धरेल, आणि लगेच तिरप्या उजेडात पाहा. कुठे डाख देऊन (धातू वितळवून) जोडलेले असेल, भोक बुजवलेले असेल किंवा पहिल्या मालकाची आद्याक्षरे घासून काढलेली असतील, तर ती जागा त्या वाफेत क्षणभर वेगळी दिसते. आद्याक्षरे घासलेल्या जागी बोटाने दाबल्यास पत्रा दबतो, इतका तो पातळ झालेला असतो. उठावाच्या झाकणावर बाळांची नाके पाहा. पिढ्यान्‌पिढ्या पॉलिश होऊन पत्रा सर्वांत आधी तिथे झिजतो आणि टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात. झाकण उलटे करून दिव्यासमोर धरले की ती लगेच कळतात.

पोचे असतील तर ते काढून घेण्याची घाई करू नका. आतून ठोकताना जुना, ताठलेला पत्रा चिरतो. मी असे एक झाकण वाया गेलेले पाहिले आहे आणि ते मला अजून खटकते.


फणेरपेटी

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल दुपारभर मी तेच केले. पहिली बरणी कोरडी ४३६ ग्रॅम भरली आणि बुडवल्यावर काट्यावर १४५ दिसले, म्हणजे घनता तीनच्या किंचित वर आली. दुसरी ३९८ ग्रॅम आणि काट्यावर १५९, म्हणजे अडीच. तिसरी ५१२ ग्रॅम आणि काट्यावर १६९, म्हणजे तीनपेक्षा थोडी अधिक. मुलाम्याच्या झाकणाची बरणी चांगल्या काचेची निघेल असे मला वाटले नव्हते.

दुसऱ्या बरणीवर बोट फिरवले तेव्हा दोन बाजूंना वरपासून खालपर्यंत बारीक शिवण लागली आणि नक्षीच्या कडा गोलसर वाटल्या. तिसरीच्या कडा बोटाला टोचतात आणि तिच्या तळाशी बारीक किरणांची चांदणी कापलेली आहे. फुंकर घातल्यावर पहिल्या झाकणावर काही दिसले नाही. पाच बाळांपैकी मधल्या बाळाच्या नाकावर मात्र दिव्यासमोर एक ठिपका चमकला. कॉमिन्स यांची आद्याक्षरे आहेत की नाहीत ते झिजल्यामुळे ठरवता आले नाही.

आता कुंकवाचे काय करावे, हा प्रश्न उरतो.


जुनी काच

ताई, म्हणजे उलगडा झाला. शिवण आणि गोलसर कडा या साच्यात दाबून केलेल्या काचेच्या खुणा आहेत. चाकावर कापलेल्या काचेच्या कडा धारदार राहतात आणि शिवण कापणीत नाहीशी होते. मूळ बरणी केव्हातरी फुटली असेल आणि कोणीतरी १९०२ चे झाकण साध्या काचेच्या बरणीवर बसवले असेल. ते सिव्हिल लाइन्समध्ये झाले असेल किंवा धरमपेठेत. संग्राहकाच्या दृष्टीने ती जोडी नव्हे, आणि विकताना हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. पहिली बरणी मात्र तोंडापासून तळापर्यंत एकसंध आहे आणि माझ्या मते आपल्या तिघींत तीच सर्वांत मोलाची आहे. तिसरीचे झाकण मुलाम्याचे असले तरी काच पाहता ती दुसरीच्या वर बसते.

कुंकू काढावे असे मी म्हणेन. ओलसर कुंकवाचा थर पावसाळ्यात दमट राहतो आणि झाकणाच्या आतल्या बाजूला डाग पाडतो. कोमट पाणी, सौम्य द्रवसाबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरेसे आहेत. कुंकू हळदीचे असेल तर साबण लागताच ते अधिकच लाल होईल, त्याने घाबरू नये. हळदीचा तो गुणच आहे.


वस्तुजतन

मी जुन्या वस्तूंच्या जतनाचे काम करते आणि कुंकवाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. त्या बरणीची झाकणाशी जोडी नाही हे आता सिद्ध झाले, म्हणजे बाजारात तिची काच कोणी विचारणार नाही. तिला जो अर्थ आहे तो आपल्या घरातला आहे. इंग्लंडच्या पावडरच्या डबीत नागपूरच्या एका बाईने आयुष्यभर कुंकू ठेवले, त्याची खूण त्या नक्षीत आहे. झाकणाची आतली बाजू आणि बरणीची कड स्वच्छ करावी, म्हणजे चांदीला धोका राहणार नाही. खोलवर सुकलेले कुंकू मात्र तसेच राहू द्यावे, आणि आधी त्याचे छायाचित्र घेऊन त्यासोबत घरात सांगितली जाणारी हकीकत लिहून ठेवावी.

चांदी स्वच्छ करण्याबाबत मात्र मी ठाम आहे. रांगोळी, राख, टूथ पावडर, तांब्या-पितळेची पावडर यांपैकी काहीही वापरू नका, त्यांचे कण चांदीपेक्षा कठीण असतात आणि उठाव झिजवतात. बुडवून काढण्याची रसायने आणि ॲल्युमिनियमचा कागद व खाण्याचा सोडा हा घरगुती उपायही टाळा. त्यांनी काळेपणा एका क्षणात जातो, पण उठावाच्या खोलगट भागातला काळसरपणाही जातो आणि बाळांचे चेहरे सपाट, निर्जीव दिसू लागतात. तो काळसरपणा राहिला पाहिजे, कारण चेहऱ्यांना उठाव तोच देतो. खडूची अतिशय बारीक पूड डिस्टिल्ड पाण्यात कालवून कापसाने हलक्या हाताने फिरवावी, फक्त उंच भागावर, आणि तीही वर्षातून एकदाच. मुलाम्याचे झाकण तर कोरड्या मऊ कापडाने पुसण्यापलीकडे नेऊ नका. प्रत्येक पॉलिशमध्ये मुलामा उतरतो आणि खालचे जर्मन सिल्व्हर पिवळट छटेने डोकावू लागते.

आपल्या नागपुरात काचेला थंड-गरमाचा धोका इतर ठिकाणांपेक्षा अधिक आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर असताना खिडकीत तापलेली जाड काच माठाच्या पाण्याखाली धरली तर ती तडकू शकते, आणि कापलेल्या काचेत चीर खोल कापाच्या रेषेने धावते. धुण्यापूर्वी बरणी आणि पाणी एकाच खोलीत दोन-तीन तास ठेवावे. बोअरच्या पाण्याने धुऊ नये, त्यातील क्षारांचा पांढरा थर आत बसतो. कपाट कुलरच्या झोताच्या वाटेत नसावे. वाळ्याच्या ओल्या हवेत चांदी महिनाभरात पिवळी आणि मग काळी पडलेली मी पाहिली आहे. गुंडाळायला धुतलेले, रंग न दिलेले सुती कापड घ्यावे. वर्तमानपत्र, लोकर आणि रबरबँड यांतील गंधक चांदीला काळवंडते. आजेसासूबाईंचे विरलेले सुती लुगडे ही खरोखर उत्तम निवड होती.


कामठीकर

परदेशी नेण्याच्या प्रश्नाकडे कोणी वळलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. पुरावस्तू आणि कलामूल्य असलेल्या वस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. त्यात शंभर वर्षे किंवा अधिक जुन्या कलाकुसरीच्या वस्तूही पुरावस्तूच्या व्याख्येत येतात, आणि पुरावस्तूची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. वस्तू इंग्लंडमध्ये घडली होती एवढ्यावरून ती या व्याख्येतून सुटत नाही. १९०२ आणि १९१२ ची झाकणे वयाने या मर्यादेत बसतात. म्हणून मुलीच्या सामानात परस्पर ठेवू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मंडळ कार्यालय नागपुरात आहे, तिथे छायाचित्रांसह लेखी विचारणा करावी. वस्तू पुरावस्तू नाही असे प्रमाणपत्र देण्याची त्यांच्याकडे व्यवस्था आहे. ते मिळाले तरच नेण्याचा विचार करावा.

पुढे कधी संग्रह वाढवावासा वाटला, तर तपकिरी-मधाळ रंगाच्या, चांदीची बारीक नक्षी जडवलेल्या झाकणांपासून दूर राहा. ती दिसतात अतिशय सुंदर, पण ते बहुधा समुद्री कासवाचे कवच असते आणि त्याचा व्यापार आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे.


फणेरपेटी

सर्वांचे म्हणणे मुलीला फोनवर वाचून दाखवले. परवानगीची भानगड ऐकून तिने बरणी नेण्याचा विचार सोडला आणि तिन्हींची छायाचित्रे मागितली. गुंतवळीची बरणी मी बैठकीच्या काचेच्या कपाटात, कुलरपासून दूरच्या भिंतीला ठेवली आहे. तिसरीचे झाकण फक्त पुसले.

पाच बाळांच्या डबीचे झाकण आतून स्वच्छ केले आणि काचेतले कुंकू तसेच ठेवले आहे. धुताना सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, डबी फुटली तेव्हा त्या नवीनच लग्न होऊन या घरात आल्या होत्या. सीताबर्डीच्या एका दुकानातून मापाची बरणी शोधून आणली होती ती आजेसासऱ्यांनीच, आणि झाकण सैल बसते म्हणून आजेसासूबाईंनी कडेला आतून सुताचा दोरा गुंडाळला होता. तो दोरा आता नाही, पण झाकणाच्या आतल्या कडेवर त्याचा बारीक वळ मला भिंगातून दिसला. त्या जागी नवा पांढरा सुती दोरा गुंडाळला तर चांदीला काही अपाय होईल का, एवढेच कळवावे.


वस्तुजतन

धुतलेला, रंग न दिलेला सुती दोरा असेल तर अपाय होणार नाही. पावसाळा संपला की तो काढून नवा गुंडाळावा.